सुप्याचा बाजार आणि तालुक्याचा वकील

हे बोलणं रेडिओवर लागलं त्या संध्याकाळी बऱ्याच गावांत लाइट नव्हती. पुष्कळ जणींचं ऐकायचं राहून गेलं. म्हणून तेच इथे थोडं नीट मांडून देत आहोत.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. नाव सांगत नाही, कारण त्यांची केस अजून चालू आहे. नवरा गेल्यावर थोडी जमीन आणि दोन खोल्या त्यांच्या ताब्यात होत्या. एक दिवस कोर्टाचा बेलीफ आला, कागद दिला, अंगठा घेतला आणि गेला. मावशींनी तो कागद गटाच्या पासबुकाबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवला. ‘पैसे मागत नव्हता, म्हटलं असू दे,’ असं त्या नंतर आम्हाला म्हणाल्या. तो वाटपाच्या दाव्याचा समन्स होता. तारखेला कोणी गेलं नाही, पुढच्या तारखेलाही नाही, आणि निकाल एकतर्फी लागला. आम्हाला कळलं तेव्हा जमिनीच्या फेरफाराची नोटीस निघाली होती.

आमचाही दोष आहेच. आमच्या बैठकीच्या वहीत बचत, कर्ज, हप्ता, दंड असे रकाने आहेत. ‘घरी कोर्टाचा काही कागद आला का,’ हा रकाना नव्हता. दर महिन्याला आम्ही मावशींकडून शंभर रुपये मोजून घेतले, पण डब्यात काय आहे ते कधी विचारलं नाही.

मग तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे गेलो. तिथून फुकट वकील मिळाला. चांगला होता, तरुण होता, मावशींना ‘आजी, बसा’ म्हणायचा. पाच महिन्यांत तो पुण्याला गेला. दुसरे आले ते जिल्ह्याच्या ठिकाणाहून येत, आणि तिकडे तारीख असली की इकडे येत नसत. आता तिसऱ्या आहेत, वकीलताई. दर वेळी मावशींनी पहिल्यापासून सगळं सांगायचं. तिसऱ्यांदा सांगताना त्या म्हणाल्या, ‘माझी गोष्ट मलाच पाठ झाली, वकिलाला कधी होणार?’

या प्रश्नाने आम्ही जुनी पुस्तकं आणि गॅझेटियर काढून बसलो. बी.ए.ला इतिहास होता, त्याचा एवढा तरी उपयोग. आणि वाचता वाचता आम्ही पोचलो ते आमच्यापासून एसटीने तासाभरावर असलेल्या सुप्याला.

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तिथे जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं आणि दुकानं गाठली. शाळेत आपण याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन ओळींत वाचलं. पण त्या लोकांना हवं काय होतं ते बघा. माणसांना फारशी इजा झाली नाही. त्यांना हवी होती कर्जखतं, गहाणखतं आणि कोर्टाचे हुकूमनामे. जिथे सावकाराने कागद काढून दिले तिथे बहुतेक तेवढ्यावर भागलं. जिथे दिले नाहीत तिथे आग लागली. दुसऱ्या दिवशी केडगावला, मग शिरूर, पारनेर, श्रीगोंदा असं ते पसरत गेलं. पुणे आणि नगर मिळून ९५१ जणांना पकडलं आणि ५०१ जणांना शिक्षा झाली.

लोक कागदावर का धावले? त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, कर्ज सहज मिळत होतं. १८६५ ला ते युद्ध संपलं, भाव पडले, आणि त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. हे सगळ्या पुस्तकांत असतं. आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटलं ते कोर्टाचं. १८५९ चा मुदतीचा कायदा आला आणि साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षं ठरली. हेतू असा की जुनं कर्ज माणसाच्या मानेवर कायम राहू नये. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार नवं खत लिहून घ्यायचा, आणि जुनं व्याज नव्या खतात मुद्दल व्हायचं. शेतकरी खाली खूण करायचा. वर काय लिहिलंय ते वाचणारा त्याच्या बाजूचा कोणी नव्हता.

मग तेच खत घेऊन सावकार कोर्टात जायचा. कोर्ट लांब. तारीख नेमकी पेरणीची नाहीतर काढणीची. सावकाराचा वकील ठरलेला, रोजचा. त्याला कोर्टाच्या कारकुनापासून सगळे ओळखायचे. शेतकऱ्याचा वकील कोणी नाही. तो स्वतःही जायचा नाही. नंतर सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने पाहिलं तर अशा दाव्यांतले बहुतेक हुकूमनामे एकतर्फी होते. म्हणजे आमच्या मावशींसारखेच.

दंग्याच्या आधी शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एक प्रसंग घडला होता. १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने तिथल्या देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. गावाने त्या सावकारावर बहिष्कार टाकला. पाणी भरणं बंद, हजामत बंद, शेतात मजूर मिळेना. तिथून बहिष्कार आजूबाजूच्या गावांत गेला, आणि पुढे सुपे पेटलं. एक हुकूमनामा, दीडशे रुपयांचा. त्या दिवशी कोर्टात देशमुखांच्या बाजूने कोणी नीट उभं राहिलं असतं तर, असं मनात येतंच. इतिहासात ‘तर’ला जागा नसते म्हणतात, पण बायकांच्या बैठकीत असते.

या सगळ्यानंतर १८७९ मध्ये ‘डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट’ झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. या कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. न्यायाधीशाने नुसतं खत बघून निकाल द्यायचा नाही, तर खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती, फेड किती, व्याज किती याचा हिशेब काढायचा असं ठरवलं. शेतकऱ्याला कोर्टात बोलावून त्याचं म्हणणं घ्यायचं असंही सांगितलं. दावा लावण्याआधी तडजोड करून देणाऱ्या पंचासमोर जायचं ठरलं, आणि लहान रकमेचे दावे गावच्या मुन्सफाकडे गेले.

आता गंमत बघा. याच कायद्याने छोट्या दाव्यांतून वकिलांना बाहेर काढलं. गावच्या मुन्सफापुढे आणि तडजोडीच्या पंचापुढे वकील चालणार नाही. कनिष्ठ न्यायाधीशापुढे या कायद्याखालचा शंभर रुपयांच्या आतला दावा असेल तर तिथेही नाही. वकील आला की भांडण लांबतं आणि गरीब आणखी बुडतो, असा तेव्हा पुष्कळांचा समज होता. आज चावडीवर जाऊन विचारा, निम्मे लोक हेच म्हणतील. आम्ही स्वतः मावशींच्या केसच्या आधी हेच म्हणत होतो.

पण त्या कायद्यात आणखी एक कलम होतं, आणि ते वाचून आम्ही थबकलो. शेतकऱ्याच्या विरोधात वकील उभा असेल आणि न्यायाधीशाला वाटलं की या शेतकऱ्याला वकील परवडत नाही, तर न्यायाधीश सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या योग्य, तयार असलेल्या माणसाला त्याच्या बाजूने उभं करू शकत होता. १८७९ साली! मोफत कायदेशीर मदत म्हणजे कालपरवाची सवलत असं आपल्याला वाटतं. तिची एक मुळी आपल्याच चार जिल्ह्यांच्या मातीत आहे. अडचण ही की योग्य माणूस तिथे असायला हवा. कायदा न्यायाधीशाला सांगतो ‘नेम’, पण तालुक्यात नेमायला कोणी राहतच नसेल तर?

त्या काळातले नावाजलेले वकील पुण्या-मुंबईतच होते. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, मूळचे साताऱ्याचे, पण त्यांची वकिली पुण्यात. माणूस मोठा. १८७० मध्ये सार्वजनिक सभा उभी करण्यात ते पुढे होते, १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र त्यांनी घेतलं, आणि भांडणं कोर्टाबाहेर मिटावीत म्हणून लवाद कोर्टांसाठीही ते झटले. तरी साताऱ्याचा हुशार मुलगा पुण्याला गेला, हेही खरंच. आमच्या पहिल्या वकिलाला आम्ही रागावलो होतो, तो राग इथे थोडा उतरला.

वकील गावाकडे येईना तेव्हा या कायद्यात न्यायाधीशच फिरतीवर निघाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे १८८० च्या दशकात आधी सहायक विशेष न्यायाधीश आणि मग विशेष न्यायाधीश होते. गावोगाव जाऊन या कायद्याखाली कामं कशी चालली आहेत ते तपासणं हे त्यांचं काम. रमाबाई रानडे पुष्कळदा बरोबर असत. त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात फिरतीच्या दिवसांचं वर्णन येतं. वाचनालयात असेल तर जरूर घ्या. नवऱ्याबरोबर मुक्काम हलवत हलवत शिकलेली बाई त्यात भेटते.

बाईचा विषय निघालाच आहे. बाईच्या दारापर्यंत जाणारी पहिली कायदेपंडित बाई आपल्या नाशिकमध्ये १८६६ साली जन्मली, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देणारी पहिली बाई ठरली. पदवी मात्र तेव्हा बायकांना देत नसत; ती तिला तीस वर्षांनी मिळाली. परत आल्यावर कोर्टात उभं राहायची परवानगी नाही. १९०४ मध्ये तिला बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’मध्ये नेमलं. ज्या इस्टेटींचा मालक अज्ञान मूल किंवा पडद्यातली विधवा असे, त्यांचा कारभार हे खातं बघायचं. पडद्यातल्या बाईला पुरुष वकिलाशी बोलता येईना, आणि मधे बोलणारा दिवाण नाहीतर दीर स्वतःच लुटारू. कॉर्नेलिया पालखीतून, होडीतून, रेल्वेने बंगाल, बिहार, ओरिसा, आसामात आत आतपर्यंत जायची आणि जमिनीवर बसून त्या बायकांचं ऐकून घ्यायची. अशा सहाशेच्या आसपास बायका-मुलांना तिने मदत केली असं सांगतात. आम्हाला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटली की ती अठरा वर्षं त्या कामावर राहिली. त्यामुळे बायकांना दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागलं नसेल. आणि तिला ठरलेला सरकारी पगार होता, हे विसरू नका. नुसत्या कळवळ्यावर अठरा वर्षं कोणी होडीतून हिंडत नाही.

कोर्टात उभं राहण्याचा हक्क बायकांना सहज मिळाला नाही. १९१६ मध्ये कलकत्त्याच्या हायकोर्टाने रेजिना गुहा यांना नाकारलं, १९२१ मध्ये पाटण्याने सुधांशुबाला हाजरा यांना. त्याच वर्षी अलाहाबादने कॉर्नेलियाला घेतलं, आणि १९२३ च्या कायद्याने बाई आहे म्हणून वकिली नाकारता येणार नाही असं ठरलं. आमच्या वकीलताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘हक्क शंभर वर्षांपूर्वी मिळाला, बार रूममध्ये बायकांचं बाथरूम मात्र मागच्या वर्षी.’ हसण्यावारी नेऊ नका. वकील तालुक्यात का थांबत नाही याची अर्धी उत्तरं अशीच असतात.

महाडच्या तळ्याचं सगळ्यांना माहीत आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षी, डिसेंबर १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लागला. तो हायकोर्टापर्यंत जाऊन मार्च १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या बाजूने संपला. दहा वर्षं. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते, तारखा सांभाळणारी माणसं त्यांच्यामागे होती, म्हणून दहा वर्षं तग धरला. तालुक्याच्या कोर्टात केस जिंकायची म्हणजे मुळात टिकून राहायचं. एकट्या बाईला ते जमत नाही.

स्वातंत्र्यानंतर एक बदल झाला, त्याची चर्चा फार होत नाही. इंग्रजांच्या वेळी वकिलांच्या पायऱ्या होत्या: बॅरिस्टर, हायकोर्टाचे वकील, खाली जिल्ह्याचे प्लीडर. खालच्या पायरीवरच्यांची सनद जिल्ह्यापुरती असे. १९६१ च्या वकील कायद्याने या पायऱ्या काढल्या. आता सगळे एकाच दर्जाचे, कायद्याची पदवी घेतलेले, आणि हळूहळू देशात कुठेही वकिली करायला मोकळे. उच्चनीचपणा गेला, ते चांगलंच झालं. पण जिल्ह्याचं दार उघडलं की माणूस बाहेरही जातो. पूर्वीचा प्लीडर तालुक्यात राहायचा त्यात सगळा जिव्हाळाच होता असं नाही. त्याला दुसरीकडे जाताच येत नव्हतं. आम्ही जुनं परत आणा असं म्हणत नाही. फक्त, बांधून ठेवणारा दोर काढला तर राहण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं, ते कोणी दिलं नाही.

१९७६ मध्ये घटनेत ३९-क हे कलम आलं: पैशाअभावी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये, सरकारने मोफत मदत द्यावी. १९८३ मध्ये शीला बारसे या पत्रकार बाईंच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राच्या तुरुंगांतल्या बायकांबाबत निकाल दिला. अटक झाली की विधी साहाय्य समितीला कळवायचं, हे त्यात होतं. मग १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. तो प्रत्यक्ष लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. या कायद्याचं कलम १२ प्रत्येक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पिवळं कार्ड नको, तलाठ्याचा दाखला नको. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा, किंवा १५१०० या नंबरवर फोन करायचा.

एवढं असून मावशींना तीन वकील का लागले? आम्ही वकीलताईंनाच विचारलं. त्यांनी चहा पिता पिता हिशेब मांडला. समितीच्या केसचं मानधन थोडं, आणि तेही केस पुढे सरकेल तसं. नव्या वकिलाला पहिली दोन-तीन वर्षं स्वतःचे पक्षकार मिळत नाहीत. मोठी कामं, जमीन संपादन, बँकांची, ती जिल्ह्याला. बसायला टेबल नाही, पुस्तकं नाहीत. लग्न झालं की सासर दुसरीकडे. ‘मी राहिले, कारण माझं माहेर इथेच आहे आणि आई जेवू घालते,’ म्हणाल्या. म्हणजे शासनाची योजना त्यांच्या आईच्या भाकरीवर चालली आहे.

२००८ मध्ये ग्राम न्यायालयांचा कायदा झाला, २ ऑक्टोबर २००९ पासून लागू. न्यायाधिकाऱ्याने गावात जाऊन कोर्ट भरवायचं, तडजोडीसाठी माणसं नेमायची. रानड्यांची फिरती आणि १८७९ चे पंच, दोन्ही परत आले म्हणा. पण राज्यांवर सक्ती नव्हती, आणि अशी न्यायालयं अपेक्षेच्या मानाने फार थोडी झाली. दुसरीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. त्यासाठी तिथल्या वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ मागणी लावून धरली होती. कोर्ट जवळ आलं की वकिलाला तिथेच राहून मोठं होता येतं, हा आमचा अंदाज. दहा वर्षांनी तपासू.

परदेशातलं एक उदाहरण वाचलं ते सांगून टाकतो. अमेरिकेत साउथ डकोटा नावाचं शेतीचं राज्य आहे. तिथल्या लहान वस्त्यांतले वकील म्हातारे झाले, नवे येईनात. २०१३ मध्ये त्यांनी कायदाच केला: दहा हजारांहून कमी लोकवस्तीच्या भागात जो वकील पाच वर्षं राहून काम करील, त्याला दर वर्षी ठरलेली रक्कम. किती? त्यांच्या लॉ कॉलेजच्या एका वर्षाच्या फीच्या नव्वद टक्के. आणि ही रक्कम एकट्या सरकारने द्यायची नाही. ३५ टक्के त्या स्थानिक भागाने, १५ टक्के वकिलांच्या संघटनेने, उरलेली राज्याने. सुरुवात फक्त सोळा वकिलांपासून. आम्हाला यातली ३५ टक्क्यांची गोष्ट पटली. ज्या गावाचा पैसा लागलेला असतो ते गाव वकिलाला सांभाळतंही. बचत गटाला हे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे सोळा वकिलांचे पैसे नाहीत. मागच्या बैठकीत ग्रामसंघाने दोन गोष्टी ठरवल्या. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वकीलताईंना गावात बोलवायचं, येण्याजाण्याचा खर्च ग्रामसंघाचा, जेवण एकेका गटाकडे. समाजमंदिराची खोली त्या दिवशी त्यांची. यावर भांडण झालं. ‘ज्यांची केस नाही त्यांनी पैसे का द्यायचे?’ असं दोघीतिघींनी विचारलं. मावशी उठून म्हणाल्या, ‘माझीही नव्हती.’ ठराव झाला.

दुसरी गोष्ट वहीतला रकाना. आता हप्ता लिहिताना प्रत्येकीला विचारतो: कोर्टाचा, तहसीलचा, बँकेचा काही कागद आला का? पहिल्याच महिन्यात चार कागद निघाले. दोन बँकेचे, एक वीज बिलाच्या थकबाकीचा, आणि एक पोटगीच्या अर्जावरचा समन्स. त्याची तारीख अजून अकरा दिवसांवर होती. ती ताई तारखेला वकीलताईंबरोबर हजर होती.

एकतर्फी निकाल लागला असेल तर तो रद्द करून घ्यायला तीस दिवस असतात. समन्स नीट बजावलंच नसेल तर निकाल कळल्यापासून तीस. उशीर झाला तरी का झाला ते सांगून माफी मागता येते; मावशींचा अर्ज तोच आहे. मागच्या तारखेला न्यायाधीशांनी मावशींना विचारलं, समन्स कुठे ठेवला होता? मावशींनी पिशवीतून पत्र्याचा डबाच काढून दाखवला. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. वकीलताईंनी ती आमच्या वहीतही लिहून दिली आहे.